खळ्यावरचं पार्किंग

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजीच्या बिल्डिंगच्या आधी इथे काय होतं? विसरायच्या आत लिहून टाकते. त्यासाठी पहिल्या मजल्यावरच्या काकांबद्दल सांगायला हवं. पालेगावातली ही जमीन त्यांच्या घराण्याची. बिल्डरला देताना त्यांनी एक फ्लॅट आणि पार्किंगची एक जागा मागून घेतली. गाडी मात्र त्यांच्याकडे नाही.

काका आम्हाला फ्लॅटच्या नंबराने ओळखत नाहीत. लिफ्ट आहे तिथे त्यांचा गोठा होता, वॉचमनच्या केबिनपाशी भाताची कोठी. त्यांच्या हिशेबाने मी म्हशींच्या गव्हाणीवर राहते. पार्किंगच्या त्या जागेपाशी आले की ते चपला हातात घेतात. तिथे त्यांचं खळं होतं, भात झोडायची जागा. खळ्यावर पायताण चालत नाही.

गेल्या रविवारी सोसायटीच्या सेक्रेटरींनी नवी गाडी थेट तिथेच आणली.

“काका, जागा रिकामीच पडलीय ना!”

“लाव की. पन चाकं काढून लाव.”

सेक्रेटरी खो खो हसले. मी तिथेच होते; काका चपला हातात धरून गाडीसमोर उभे राहिले. तेवढ्यात सेक्रेटरींची बायको दार उघडून उतरू लागली. ती साताऱ्याकडच्या शेतकरी घरातली. काकांचे अनवाणी पाय पाहून ती थबकली.

“खळं होतं का हो इथं?”

काकांनी होकारार्थी मान डोलावली.

“अहो, गाडी मागे घ्या आधी,” ती नवऱ्याला म्हणाली, आणि सँडल काढूनच खाली उतरली.

गोठा गेला, कोठी गेली. खळ्याची जागा अजून मोकळी आहे.