स्टेडियमशेजारचा खड्डा
ओल्या सिमेंटचा वास आला की मला दोन हजार सातमधली एक दुपार आठवते. पुण्याहून माझ्याकडे परदेशात आलेल्या बाबांना मी डाउनटाउनमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यभागी, बेसबॉलची मॅच दाखवायला नेलं होतं. स्टेडियमला लागूनच खाली दुकानं आणि वर फ्लॅट अशा इमारतींचं काम सुरू होतं. पायासाठी खणलेल्या प्रचंड खड्ड्याच्या कुंपणाशी बाबा थांबले ते हलेचनात. त्यांची अख्खी नोकरी सरकारी बांधकामांवर देखरेख करण्यात गेली होती. स्टेडियममधून आरडाओरडा ऐकू येत होता. "बाबा, चला ना, मॅच सुरू झाली," म्हणत मी त्यांचा हात ओढला. "थांब. फुटपाथला भेग गेलीय बघ. कडेची माती सरकतेय. सांग त्यांना." मला लाज वाटली. "त्यांचे इंजिनिअर आहेत, बाबा. आपल्याला कोण विचारतंय?" मग त्यांनीच हेल्मेट घातलेल्या मुकादमाला हाक मारली आणि आपल्या सरकारी इंग्रजीत, बोटाने भेग दाखवत, सगळं समजावलं. तो आधी हसला, मग त्याने वाकून बघितलं आणि घाईघाईने वॉकीटॉकीवर कुणाला तरी बोलावलं. दहा मिनिटांत फुटपाथ बंद झाला. "थँक यू, सर," म्हणत त्याने बाबांशी हात मिळवला. उरलेली मॅच आम्ही पाहिली. बाबांना त्यातलं काही कळलं नाही. पुण्यात परतल्यावर त्या मुकादमाचा किस्सा त्यांनी सगळ्यांना रंगवून सांगितला. मी त्यांचा हात ओढत होतो, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. ते आज मी सांगतोय.