शिवकांताबाईच्या घरपट्टीचा मुआयना

...हां, तर शिवकांताबाई सिंधूच्या दारात उभी! एका हातात शेजारच्या चंद्रप्पाचा तांब्या, काखेत गल्लीतल्या शेषेरावांची सतरंजी, कपाळावर घामाच्या धारा.

"सिंधू, पितळी वाट्या काढ लवकर! पेशकारसाहेब चौकात आले म्हणं!"

काल इथंच थांबलो होतो. पण जे काल नव्हते, त्यांच्यासाठी जरा मागं जातो.

निजामाच्या अमलाची शेवटची काही वर्षं चाललेली. लातुरात बलदियानं, म्हणजे नगरपालिकेनं, दवंडी पिटली: ज्याची साठी उलटली, ज्याच्या घरी कमावतं कुणी न्हाई, अन् ज्याला राहायला एकच घर हाय, त्याची घरपट्टी माफ! अर्ज द्या, पेशकार, म्हणजे तिथले कारकून, घरी येऊन मुआयना करतील, हालत बघतील, मग सही.

दवंडी ऐकून शिवकांताबाई रस्त्यातच दोनदा टाळ्या वाजवून मोकळी झाली. साठी उलटलेली, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, पोटी लेकरू नाही. माळवदाचं दोन खोल्यांचं घर, अन् पुढच्या खोलीत शेवयांचा पाट. त्या पाटावर बाईचं पोट. घरपट्टी तीन सालांची थकलेली. कापसाचा अडत्या रोज येऊन विचारायचा, "काय मावशी, पुढची खोली कधी देता? गठ्ठे ठेवायचेत." पट्टी भरायला खोली त्याला दिली की पाट गेला, पाट गेला की चूल गेली. म्हणून ही माफी मिळायलाच पाहिजे होती.

आता कुणी शहाणी बाई काय करील? फाटकं लुगडं नेसून कोपऱ्यात बसेल. पण शिवकांताबाईला ते सुचलंच नाही! सरकारातला माणूस पहिल्यांदाच उंबरा ओलांडणार, त्याला जर्मनच्या पोचलेल्या ताटलीत शेवयांची खीर द्यायची? छे! सकाळपासून उसन्या भांड्यांसाठी सारी गल्ली पालथी घातली. तांब्या घासून असा लखलखीत केला, की त्यात बघून मिशी पिळून घ्यावी.

पेशकार बसवराज आले. उदगीरकडचा माणूस, बोलण्यात जरा कानडी हेल. दारातच थबकले. खाली सतरंजी, तिच्यावर लोड, पुढं पितळी ताट, ताटात दोन वाट्या, शेजारी तांब्या. सारं उन्हात झळकून राहिलेलं.

"अज्जी," ते अर्ज उलटा-सुलटा करत म्हणाले, "यात तर लिवलंय, घरी कमावतं कुणी न्हाई, हालत खराब. अन् हे थाटमाट कुणाचं?"

"बसा तरी साहेब! आधी खीर खावा."

"खीर र्‍हाऊ द्या. ही अर्जी मंजूर व्हत न्हाई."

आत्ता कुठं शिवकांताबाईला कळलं, आपण काय करून बसलो ते! पुढची खोली, पाट, अडत्याचे गठ्ठे, सगळं डोळ्यांपुढून सरकलं. तिनं घाईघाईनं तांब्या पुढं केला.

उन्हातून आलेले बसवराज पाणी प्यायले, अन् तांब्या ठेवता ठेवता गळ्यावरची कोरलेली अक्षरं वाचली: चंद्रप्पा. भुवई चढली. वाटी उचलली: सिंधू. दुसरी वाटी उचलली, तिच्यावर सिंधूच्या सासूचं नाव. ताट फिरवून बघितलं: शेषेराव! बाईनं तर कुणाचं नाव झाकायचा विचारही केला नव्हता.

तेवढ्यात भिंतीपलीकडून चंद्रप्पा ओरडला, "ओ शिवकांताबाई! तांब्या मोकळा झाला का? आमचेबी पाव्हणे आलेत!"

मागोमाग सिंधू दारात, "मावशी, साहेब गेले का? लेकराला दूध द्यायचंय, वाटीच न्हाई घरात!" साहेब समोरच बसलेले बघून तिनं जीभ चावली.

बसवराज असे हसले, असे हसले, की फेटा सुटायला आला. हसता हसताच कडेचा दौत-टाक ओढून अर्जावर सही ठोकली. तीन सालांची थकबाकी माफ, पुढचीही माफ! शिवकांताबाई मटकन खाली बसली, अन् दुसऱ्याच क्षणी उठून पदर खोचून उभी.

"आता खरं सांगा अज्जी," डोळे पुसत पेशकार म्हणाले, "या समद्यात तुमचं सोताचं काय हाय?"

शिवकांताबाईनं वाटी त्यांच्या पुढ्यात सरकवली.

"शेवया तेवढ्या माझ्या हायत साहेब, या हातानं वळलेल्या. लवकर खावा, सिंधूला वाटी द्यायचीय."