ताटापासून आईपर्यंत

लातूरला ट्यूशनला होते तेव्हा जीवशास्त्राच्या सरांनी एक सवय लावली. कागदाच्या मधोमध मुख्य शब्द लिहायचा, त्याला गोल करायचा आणि बाकीचा धडा फांद्यांसारखा भोवती काढायचा. डॉक्टर काही होता आलं नाही, आता नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. सवय तेवढी राहिली.

मागच्या साली उदगीरजवळच्या आमच्या गावी बाबांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. सगळं कळायचं, पण तोंडून नुसतं "हाव, हाव" यायचं. न्हाई म्हणायचं असलं तरी हावच. मग स्वतःवरच चिडून भिंतीकडं तोंड करायचे. मी रजा काढून घरी आले.

सगळ्यात हाल जेवताना. आई भाकरी कुस्करून घास पुढं करायची आणि बाबा डाव्या हातानं ताट ढकलायचे. "तिखट झालं का? भात टाकू का?" तिनं नाना प्रकार करून पाहिले. शेवटी एकदा म्हणाली, "माझ्या हातचंच नको झालंय त्यांना."

त्या दुपारी मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर मधोमध बाबांचं डोकं काढलं, मिशांसकट. भोवती फांद्या: ताट, तांब्या, खाट, शेत, बैल, दुखरा हात, आई, मी. बैल शेळीसारखा झाला होता. बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

"जेवताना काय होतंय? दाखवा."

त्यांनी ताटावर बोट ठेवलं, मग आईवर. पुन्हा ताटावर, पुन्हा आईवर.

"आईच्या हातचं नको?"

त्यांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि डाव्या हातानं ताटापासून आईपर्यंत रेघ ओढली. मला तरी कळेना. कळलं ते दारात उभ्या आईलाच.

"मी जेवले का, ते विचारून राहिलेत," ती हळूच म्हणाली.

"हाव," बाबा म्हणाले. डोळे भरून आले होते.

त्यांना भरवून, सगळं आवरून आई दुपार कलल्यावर उरलंसुरलं खायची. ते खाटेवरून रोज बघत होते.

"लई काळजी," म्हणत आईनं पदरानं नाक पुसलं, बाबांनी ढकललेल्या ताटात अजून एक भाकरी घेतली आणि त्यांच्याशेजारी बसली. एक घास त्यांना, एक स्वतःला.

पुढं बाबांनी त्या कागदावर स्वतःच विहिरीची मोटार काढली, माझी स्कूटी काढली. आता पाच-सहा शब्द नीट येतात. परवा नांदेडला निघाले तेव्हा त्यांनी बराच वेळ ओठ जुळवले आणि म्हणाले, "ये."