रेखाचं बुधवारचं सेशन

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर भरपूर टर उडवली आहे. कामच तसं माझं... मी समुपदेशक. कुणाला भास व्हायला लागले की घरचे त्याला माझ्याकडे घेऊन येतात, आणि मी त्यामागची न झालेली झोप, भीती, दुःख शोधून काढते. तेव्हा हे वाचून हसलात तरी चालेल. मीही हसले असते.

२००६ च्या आसपासची गोष्ट. नाशिकला पंचवटीत, भाजीबाजारामागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर माझी खोली होती. नवीनच खूळ डोक्यात घेतलं होतं – ऑनलाइन काउन्सेलिंग. सहकारी म्हणायचे, "अहो, समोर माणूस नाही, डोळे दिसत नाहीत, कसली डोंबलाची थेरपी?" मी म्हणायचे, जिला घराचा उंबरा ओलांडता येत नाही तिनं काय करायचं मग?

रेखा तशीच होती (नाव बदललंय). मनमाडला रेल्वे क्वार्टरमध्ये एकटी राहायची. नवरा रुळांवर काम करताना गाडीखाली गेला, आणि त्याचा डबा घेऊन निघालेल्या हिनं ते पाहिलं. तेव्हापासून बाहेर पाय टाकला की हातपाय गार. दिरानं जुना कॉम्प्युटर बसवून दिला होता. दर बुधवारी दुपारी तीनला आम्ही चॅटवर बोलायचो, ती इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायची. मी तिला पाहिलं नव्हतं, तिनं मला नाही. फोटोसुद्धा नाही.

माझा एक नियम होता. पहिल्या सेशनआधी पत्ता आणि शेजारच्या कुणाचा तरी फोन नंबर घ्यायचाच. रेखानं "सासरी कळेल हो" म्हणून टाळलं, आणि मी ऐकलं. चुकले मी.

त्या बुधवारी माझ्या डाव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. दोन दिवसांपूर्वी जिन्यात पाय घसरला होता. एका हातानं टाइप करत होते. रेखा फार घाबरलेली होती. अशा वेळी मी एक साधा व्यायाम देते – आत्ता समोर दिसतात त्या पाच गोष्टी सांग. त्यानं मन जुन्या प्रसंगातून निघून आजच्या खोलीत येतं. तिनं लिहिलं, खिडकी. पंखा. ह्यांचा टॉवेल. तांब्या. आणि मग... तुमचा हात.

"माझा?" मी विचारलं.

"हो. तुम्ही धरलाय ना. सोडू नका मॅडम."

खरं सांगू? मला बरंच वाटलं. विश्वास बसतोय, व्यायाम लागू पडतोय, असं वाटलं. हळूहळू ती शांत झाली. पावणेचारला सेशन संपायचं. "अजून थोडं थांबा ना," तिनं लिहिलं. पण वेळेची शिस्त क्लायंटच्याच भल्यासाठी असते, हे आम्हाला शिकवलेलं, मीही नवशिक्यांना तेच शिकवायचे. "पुढच्या बुधवारी भेटू," लिहून मी चॅट बंद केलं. फाइलमध्ये नोंद केली – आता ठीक आहे.

पुढच्या बुधवारी ती आलीच नाही. पत्ता नाही, नंबर नाही... तासभर मी नुसती स्क्रीनकडे बघत बसले.

शुक्रवारी सकाळी बाजारात मेथी घेत होते. रामकुंडाकडून दहावा उरकून चार-पाच माणसं येत होती. पंचवटीत हे रोजचंच, मी लक्षही दिलं नाही. त्यातली एक बाई थबकली आणि थेट माझ्यापाशी आली.

"काय बाई, बरा झाला का हात तुमचा?"

बँडेज तर दोन दिवसांपूर्वीच काढलेलं! "मी ओळखलं नाही तुम्हाला," मी म्हणाले.

"आता कशाला वळखाल! त्या बुधवारी मनमाडला रेखाच्या घरी नव्हत्या का तुम्ही? मी शेजारची. खिडकीतून बघितलं ना मी, खाटेवर तिचा हात धरून बसलेल्या. मनगटाला पट्टी."

"रेखा... कशी आहे?"

"तिचाच तर दहावा केला आज."

त्याच बुधवारी संध्याकाळी रेखानं स्वतःला संपवलं होतं. कसं, ते लिहीत नाही.

बाई भर बाजारात रडायला लागली, रडत रडत भांडायला लागली. "रोज चारच्या आत चहा घेऊन जायची मी तिच्याकडं. एक दिस चुकवला नाय. त्या दिवशीबी कप घेऊन निघाले, तर तुम्ही दारातून बाहेर आल्या. मी इचारलं, कशी हाय? तुम्ही म्हणल्या, आता ठीक आहे. मंग मी माघारी फिरले ना... तुमच्या शब्दावर फिरले मी, बाई!"

मनमाड मी फक्त प्लॅटफॉर्मवरून पाहिलंय. त्या बुधवारी चार वाजता पुढची क्लायंट माझ्यासमोर बसली होती, रजिस्टरमध्ये तिची सही आहे. त्या बाईनं दुसऱ्याच कुणाला पाहिलं असेल, अपराधी वाटणारं मन कुठलाही चेहरा चिकटवतं... हे सगळं मला येतं हो, हेच तर मी लोकांना समजावते. पण पट्टीचं काय? माझ्या फाइलमधलं वाक्य तिला कुणी सांगितलं?

तेव्हाच "अहो, ती मी नव्हे" म्हणायला हवं होतं. तिनं माझा दंड धरून गदागदा हलवलं.

"तुम्ही होत्या ना तिच्यापाशी? मंग उठल्या कशाला?"

"वेळ संपली होती," मी म्हणाले.