विहिरीवरची लोकसभा
हळद शिजल्याचा वास आला की अजूनही माझी मान आपोआप खाली जाते. विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकताना विकासावरच्या वादात मी एकदा असा गरजलो, की डोक्यावरचा पंखासुद्धा फिरायचा थांबला: "आमच्या हिंगोलीकडच्या बायांना नळ नकोच आहे, विहीर ही त्यांची लोकसभा आहे!" सर इतके खूश झाले, की सगळा वर्ग घेऊन थेट आमच्या गावात आले. अंगणात कढईत हळद शिजत होती. आई डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीवरून आली आणि तिनं सगळ्यांना पाणी दिलं. सरांनी वही उघडून विचारलं, "बाई, तुम्हाला नळ नकोय ना?" आईनं आधी माझ्या पडलेल्या तोंडाकडं पाहिलं, मग म्हणाली, "व्हय साहेब, आमाला विहीरच बरी." सरांनी ते लिहून घेतलं. गाडी गेल्यावर मानेला गरम हळद चोळत तिनं विचारलं, "बराबर बोलले न्हवं? तुझे मार्क तर न्हाई ना कापणार?" मी वर्गात पहिला आलो. आईचं ते उत्तर माझ्या प्रबंधात आजही छापलेलं आहे; तिची मान मात्र त्यात कुठंच नाही.