अमृताची गोळी उघडेना

गोळी उघडली नव्हती. सकाळपासून मशीनच्या कोमट भांड्यात फिरत होती आणि संध्याकाळी होती तशी बाहेर आली. अमृता स्टुलावर मटकन बसली. मी तोंडानं "अरेरे" म्हटलं. आतून मात्र जिवाला गार वाटलं.

अमृता माझीच विद्यार्थिनी. पिपेट कसं धरायचं ते मी शिकवलं तिला. आता सांगलीच्या आमच्या फार्मसी कॉलेजात माझ्याच शेजारच्या टेबलावर बसते आणि माझ्याआधी पीएचडी व्हायला निघाली होती. दोघींचा विषय एकच, मोठ्या आतड्यात जाऊन फुटणारी गोळी. माझी जठरातच फुटायची. तिची बरोब्बर जागेवर. रोज कडेगावहून एसटीनं येणारी ही पोरगी माझ्या पुढं जातेय, हे मला बघवत नव्हतं.

विषय तसा सोपा आहे. मोठ्या आतड्याला सूज असेल तर औषध तिथवर पोचायला हवं. म्हणून गोळीवर ग्वार गमचा, म्हणजे गवारीच्या बियांतल्या डिंकाचा थर देतात. हा डिंक आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जंतू तो खातात आणि औषध मोकळं होतं. लॅबमध्ये आम्ही उंदरांच्या आतड्यातला द्रव भांड्यात घालतो आणि वाट बघतो.

पीएचडीच्या समितीनं अमृताच्या कामावर एकच शंका शिल्लक ठेवली होती. "या द्रवानं गोळी उघडते, कबूल. पण ते जंतूंचंच काम कशावरून?" उत्तर मिळेपर्यंत थिसिस अडकला होता. आणि आता तर गोळीच उघडेना.

आमचे हेड म्हणाले, "डिंक खराब असेल."

तिनं नवा डिंक आणला. पुन्हा तेच. माझं समाधान होत नव्हतं. डिंक खराब निघाला असता तरी दोष विकणाऱ्याचाच. मला अमृताचा हवा होता. म्हणून मी उंदरांच्या खोलीत गेले.

तिथं वडूजचे तानाजीमामा देखभाल करतात. काही पिंजऱ्यांवरच्या बाटल्यांतलं पाणी पिवळट दिसलं.

"मामा, हे काय?"

"आवं मॅडम, ही लय शिंकत हुती. आमच्या पोल्ट्रीत कोंबड्यांस्नी देतो ती पावडर टाकली पाण्यात. बगा की, खडखडीत बरी झाली."

पाकीट बघितलं. अँटिबायोटिक! अमृताचा द्रव याच पिंजऱ्यांतला. शिंकेबरोबर आतड्यातले जंतूही गेले असणार. मग डिंक खाणार कोण? आणि उंदरांना काय दिलं जातंय, हे बघायची जबाबदारी अमृताची.

मी जवळजवळ पळतच हेडच्या केबिनमध्ये गेले. अमृता तिथंच होती. बरंच झालं म्हटलं.

"सर, हिचे उंदीर अँटिबायोटिकवर आहेत आणि हिला पत्ता नाही. सगळी रीडिंग्ज वाया."

सर तिच्याकडे बघत राहिले. ती माझ्याकडे वळली.

"मॅडम, सगळ्यांना दिलंय?"

"नाही. शिंकणाऱ्यांनाच." मी बोलून गेले.

"सर, म्हणजे जंतू असले की गोळी उघडते, जंतू मारले की उघडत नाही. समितीला दुसरं काय पाहिजे?" आणि तिनं मला चक्क मिठी मारली. मी लाकडासारखी उभी.

औषध न दिलेल्या उंदरांच्या द्रवात गोळी उघडली. मग रीतसर परवानगी काढून तिनं औषध दिलेल्या उंदरांवर प्रयोग पुन्हा केला. नाही उघडली. थिसिसमध्ये एक प्रकरण वाढलं: पेशंट अँटिबायोटिक घेत असेल तर डिंकाची गोळी तशीच बाहेर पडू शकते, डॉक्टरांनी आधी विचारावं. परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण वाखाणलं. आभाराच्या पानावर माझ्या 'मायेच्या लक्षाचा' उल्लेख आहे. तो वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

दुसऱ्याची चूक शोधायला माझी हरकत नाही. माणूस त्यात मन लावून काम करतो. पण सापडली की ती आपल्यापेक्षा मठ्ठ माणसाला सांगावी. हुशार माणूस त्या चुकीवरच डॉक्टर होतो आणि वर आपल्याला पेढा देतो.