अंगठ्याएवढा फिकट डाग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट ठाऊक नाही.

मी गिटार बनवते. जयपूरला, मुरलीपुऱ्यात, घराच्या खालच्या खोलीत. वडील रेल्वेत होते, भुसावळहून बदली होऊन आले आणि आम्ही इथलेच झालो. लाकूड कापणं, जोडणं, घासणं माझं. रंग मात्र उस्मान चाचांचा. लहरियाच्या, म्हणजे लाटांसारख्या पट्ट्यांच्या साड्या रंगवण्यात ज्याची उमर गेली, असा माणूस. मेपलची फळी पहिल्यांदा दाखवली तेव्हा हसले होते — "बेटी, इसमें तो लहरिया पहले से है।"

होताच. काही फळ्यांत रेषा अशा आडव्या लाटांसारख्या असतात, की फळी जरा कलती केली की त्या हलतात. चाचा आधी काळा रंग चढवायचे, सुकला की घासून काढायचे; लाटेच्या खोलात तेवढा काळोख उरायचा. मग त्यावर मोरपंखी — मलमलीच्या बोळ्याने, एका दमात, हात न उचलता. तो हात चालताना बघणं... कसं सांगू? मी हातातलं काम सोडून बघत बसायचे. असा हात मी पुन्हा पाहिला नाही.

त्यातली एक फळी तर सगळ्यांत देखणी होती. दोन भाग जोडताना सरसाने माखलेला माझा अंगठा तिच्यावर टेकला. मला कळलं होतं. सरस मुरला की तिथे रंग धरत नाही, हेही माहीत होतं — मला. चाचांना नाही, कापडाला सरस कुठून लागणार? ती जागा नीट घासायला हवी होती. मी कंटाळा केला.

"घिसाई पूरी?" त्यांनी विचारलं.

"हां चाचा, पूरी।"

काळा रंग चढला आणि मधोमध अंगठ्याएवढा फिकट डाग राहिला.

चाचांनी फळी खिडकीशी नेली. तिरपी केली, सरळ केली. "यहाँ छूट गया? मुझे दिखा कैसे नहीं?"

एवढंच बोलायचं होतं — चाचा, सरस लागलाय, माझी चूक. पण थोड्याच वेळापूर्वी हो म्हटलं होतं ना मी! मग मी काय बोलले? म्हणाले, "उमर है चाचा, नज़र चूक जाती है।" आणि तेही अगदी मायेने. ते जेवायला घरी गेले, तेवढ्यात मी तो सरस खरवडला, सगळी फळी घासून कोरी केली. परत येऊन त्यांनी रंग चढवला — मतलब, या वेळी बसणारच होता.

ती गिटार त्यांच्या हातची सर्वांत सुंदर. न्यायला आलेला मुलगा बराच वेळ वाजवायचंच विसरला, नुसता बघत राहिला. चाचा मात्र मलाच विचारत होते, "कहीं छूटा तो नहीं?"

त्यानंतर प्रत्येक फळीला तोच प्रश्न. त्यांचा हात मध्येच थांबायला लागला. चाचा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्याने सांगितलं, डोळे साफ आहेत. "डॉक्टर को रंग का क्या पता," चाचा म्हणाले. मी मान डोलावली. हो, डोलावली. काही महिन्यांनी त्यांनी काम सोडलं.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. नातीच्या लग्नाच्या ओढण्या पलंगावर पसरलेल्या. सांगायचं ठरवूनच गेले होते मी — चहा संपेपर्यंत तसं वाटतही होतं. मग त्यांनी एक ओढणी उचलली, माझ्यासमोर धरली आणि हळूच, नातीला ऐकू जाऊ नये असं विचारलं —

"ये हरा ही है ना, बेटी?"

हिरवीच होती. त्यांना दिसत होती.

मी म्हणाले, "हां चाचा, हरा।"